समुद्र न पाहिलेल्या पोरांना खारे वारे कसे शिकवायचे?



सातवीच्या भूगोलात ‘वारे’ हा पाठ आहे. त्यात स्थानिक वारे येतात. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते सागरी वारे, म्हणजेच खारे वारे. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. हा पाठ मी कितीतरी वर्षं एकाच पद्धतीनं शिकवला. फळ्यावर डावीकडे समुद्र, उजवीकडे जमीन, वर सूर्य आणि मध्ये बाण. शेजारी तेच चित्र चंद्र काढून, बाण उलटा करून. पोरं वहीत उतरवून घ्यायची, पाठ करायची. मार्क पडायचे.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या पोरानं विचारलं, “सर, आपल्याकडं तं समुद्रच नाही. मग आपल्याकडं वारं कुठून येतंय?”

वर्ग हसला. मीही हसलो. “आपल्याकडचं वेगळं असतंय,” असं काहीतरी बोलून मी पान उलटलं. खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं. इस्लापूरपासून पूर्वेला जा की पश्चिमेला, चारशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिला तो मोबाईलवर. आणि स्थानिक वारे समजावण्यासाठी मी मात्र दरवर्षी त्यांना समुद्रावर नेत होतो.

त्याच वर्षी घटक चाचणीत प्रश्न घातला, ‘दिवसा स्थानिक वारे कोणत्या दिशेने वाहतात?’ डोंगराच्या बाजूच्या तांड्यावरची एक मुलगी शाळेत येते. तिनं लिहिलं, ‘दुपारी वारं गावाकडून डोंगराकडं जाते. रात्री डोंगरावरून खाली येते.’ मी लाल पेनानं फुली मारली. शून्य मार्क.

एप्रिलमध्ये पटनोंदणीसाठी त्याच तांड्यावर जायचं होतं. दुपारी दोनची वेळ, ऊन रणरणतं. चढ चढताना लक्षात आलं की वारं पाठीवर येतंय, कुणीतरी मागून ढकलल्यासारखं. घरं फिरता फिरता दिवस मावळला. अंधार पडल्यावर उतरायला लागलो, तर वारं पुन्हा पाठीवरच. आता मात्र ते गार होतं. जातानाही पाठीवर, येतानाही पाठीवर. निम्म्या उतारावर मला त्या मुलीचा पेपर आठवला.

घरी येऊन पुस्तक उघडलं. त्याच पाठात दरीय वारे आणि पर्वतीय वारे दिलेले आहेत. दिवसा दरीतून डोंगराकडे, रात्री डोंगराकडून दरीकडे. मुलीचं उत्तर पुस्तकातच होतं. मी तो भाग दरवर्षी दोन मिनिटांत उरकत होतो आणि समुद्राला दोन तास देत होतो.

तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे. मराठवाड्यातल्या शाळेत स्थानिक वाऱ्यांचा पाठ समुद्रापासून सुरू करू नये. तो माती आणि पाण्यापासून सुरू करावा, मग गावाच्या वाऱ्याकडे न्यावा आणि समुद्र सगळ्यात शेवटी आणावा. समुद्र वगळा असं मी म्हणत नाही. क्रम बदला एवढंच म्हणतो.

पाणी उशिरा तापतं, उशिरा निवतं

सगळ्या पाठाचा पाया या एका वाक्यात आहे. पण पाणी उशिरा का तापतं, असं विचारलं तर पुष्कळदा आपणही “पाण्याचा गुणधर्म आहे” म्हणून मोकळे होतो. त्याची चार कारणं आहेत आणि चारही पोरांना कळण्यासारखी आहेत.

पहिलं, एक ग्रॅम पाणी एक अंशानं तापवायला एक कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच कोरड्या मातीला साधारण पाचवा हिस्सा पुरतो. दुसरं, ऊन मातीत शिरत नाही, वरच्या थरातच अडकतं. पाण्यात ते खोलवर उतरतं, म्हणून तीच उष्णता जास्त जाडीच्या थरात वाटली जाते. तिसरं, पाणी हलतं, ढवळलं जातं. वरचं खाली, खालचं वर. माती जागची हलत नाही. आपल्या वावरात हातभर खड्डा केला तर तिथं दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक जवळजवळ संपलेला असतो. समुद्रात मात्र कित्येक मीटर खोलीपर्यंतचं पाणी एकमेकांत मिसळत राहतं. चौथं, पाण्याची वाफ होताना उष्णता खर्च होते. माठातलं पाणी गार का होतं, अंगणात सडा मारला की बरं का वाटतं, हे पोरांना ठाऊकच आहे. ते फक्त या पाठाला जोडून द्यायचं.

निवण्याचंही हेच गणित. थोड्या जाडीच्या मातीत साठलेली उष्णता रात्री लवकर निघून जाते. पाण्याचा साठा मोठा, म्हणून ते सावकाश निवतं. हिवाळ्यात पहाटे पैनगंगेवर वाफा दिसतात. काठ थंडगार पडलेला असतो, पण पाणी हवेपेक्षा कोमट असतं, म्हणून त्याची वाफ वरच्या गार हवेत दिसू लागते. हे पोरांनी पाहिलेलं असतं. त्याचा भूगोलाशी काही संबंध आहे हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं.

मग वारं कसं सुटतं?

इथं आपल्याकडून एक अर्धवट वाक्य जातं, ‘गरम हवा वर जाते.’ जाते खरं, पण ती काय आपल्या मनानं जाते? तापलेली हवा पसरते, विरळ होते, हलकी होते. आजूबाजूची गार हवा जड असते. ती जड हवा जमिनीलगत आत घुसते आणि हलक्या हवेला वर उचलते. आपल्या अंगाला जे वारं लागतं ते ही आत घुसणारी हवा. वर गेलेली हवा उंचावरून उलट दिशेला जाऊन पुन्हा खाली उतरते आणि फेरा पूर्ण होतो.

म्हणून मी पोरांना दिशा पाठ करायला लावत नाही. एकच प्रश्न विचारायला शिकवतो, ‘आत्ता जास्त तापलेलं कोण?’ जमिनीलगतचं वारं त्याच्याकडे जाणार. दुपारी जमीन जास्त तापलेली, म्हणून वारं समुद्राकडून जमिनीकडे. रात्री जमीन लवकर निवली, समुद्र त्यामानानं कोमट राहिला, म्हणून वारं उलटं. डोंगर-दरीचंही तसंच. दुपारी डोंगराच्या उतारावरची हवा त्याच उंचीवरच्या दरीतल्या मोकळ्या हवेपेक्षा जास्त तापते, म्हणून वारं उतारावरून वर चढतं. रात्री उतार आधी निवतो आणि त्याला लागलेली गार, जड हवा पाण्यासारखी खाली घरंगळते. थंडीत खोलगट वावरात आणि नाल्याकाठी गारठा जास्त का असतो, याचंही उत्तर यात आहे. पोरांच्या आजोबांना ते पुस्तकाशिवाय माहीत असतं.

आपल्या गावचे वारे

आमच्या भागात डोंगर आहे, सागाचं जंगल आहे, काळी वावरं आहेत, नदी आहे. वाऱ्याच्या पाठाला एवढं पुरेसं आहे. उतारावरच्या वाऱ्याबद्दल वर लिहिलंच. आणखी तीन गोष्टी वर्गात घेण्यासारख्या आहेत.

एक, वावटळ. चैत्र-वैशाखात दुपारी नांगरलेल्या रानात धुळीचा खांब उभा राहतो. पोरं त्याला भुताची वावटळ म्हणतात. विचारा त्यांना, वावटळ नदीच्या पाण्यावर कधी पाहिली का? पहाटे पाहिली का? भर दुपारी कोरड्या, काळ्या, उघड्या जमिनीवरच ती का दिसते? काळी माती ऊन फार शोषते. मे महिन्यात तिचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास जाऊ शकतो. तिथली हवा एकदम वर उठते, बाजूची हवा ती जागा भरायला धावते आणि धावताना गरगरते. भूत गेलं आणि भूगोल आला!

दोन, उपणणीचं वारं. आता हार्वेस्टर आणि मळणीयंत्रं आली, पण घरापुरता हरभरा किंवा तूर अजून कितीतरी ठिकाणी सुपानंच उपणतात. म्हातारी माणसं सांगतात, ऊन चढलं की वारं सुटतं, दिवस मावळला की पडतं. असं का? रात्री जमीन गार होते, तिला लागलेली हवा जड होऊन खाली बसून राहते. वर वारं वाहत असतं, पण ते खालपर्यंत पोहोचत नाही. सकाळी जमीन तापली की खालची हवा वर आणि वरची खाली अशी ढवळाढवळ सुरू होते, आणि वरचा जोराचा वारा खळ्यापर्यंत उतरतो. मागच्या बाकावरच्या त्या पोराला द्यायला हवं होतं ते उत्तर हेच. समुद्र नसला तरी जमीन आहे, आणि तिच्या तापण्या-निवण्यातून वाऱ्याचा रोजचा चढ-उतार होतो.

तीन, अवकाळीच्या आधीचं गार वारं. दिवसभर उकाडा, संध्याकाळी काळं ढग, आणि पावसाच्या थोडं आधी एकदम गार झुळूक, मातीचा वास. हे वारं ढगातून येतं. पडणाऱ्या पावसाबरोबर आणि त्याच्या वाफेमुळे गार झालेली जड हवा ढगाखाली आदळते आणि चहूकडे पसरते. हा मुद्दा परीक्षेला येणार नाही, पण मी तो कधी सोडत नाही. कारण ते गार वारं आलं याचा अर्थ विजेचं ढग जवळ आलं. शेरडं राखणाऱ्या, कैऱ्या पाडणाऱ्या पोरानं त्या क्षणी झाड सोडून पक्क्या घराकडे निघायला पाहिजे. हे ज्ञान जीव वाचवणारं आहे. पालकांनीही ते घरी सांगावं.

माझी एक चूक

गावाचं उदाहरण घेताना उत्साहाच्या भरात चुकीचं उदाहरण घ्यायचा धोका असतो. मीच घेतलं होतं. आमच्या जवळ पैनगंगेवर सहस्रकुंडचा धबधबा आहे. सहलीला पोरांना घेऊन गेलो. धबधब्याजवळ गार वारं अंगावर आलं आणि मी मोठ्या आवाजात सांगितलं, “बघा, पाणी गार, जमीन गरम, म्हणून पाण्याकडून वारं येतंय. हेच खारे वारे!”

ते चूक होतं. धबधब्याजवळचं वारं पडणाऱ्या पाण्याच्या धक्क्यानं तयार होतं. पाणी कोसळताना सोबत हवा ओढतं, ती खाली आदळून बाजूला फेकली जाते. तुषारांची वाफ होते म्हणून गारवा वाटतो. ते वारं रात्रीही तसंच येतं, दिशा बदलत नाही. खाऱ्या-मतलई वाऱ्यांची खरी खूण म्हणजे दिवसा एक दिशा आणि रात्री उलटी दिशा. ती खूण नसेल तर कारण दुसरं शोधायचं.

शिवाय पाण्याचा विस्तारही मोठा लागतो. पैनगंगेचं पात्र अशा वाऱ्याला फार अरुंद आहे. मोठ्या धरणाच्या काठी, म्हणजे पैनगंगेवरचं इसापूर किंवा पैठणचा नाथसागर अशा जलाशयांजवळ, दुसरं जोराचं वारं नसलेल्या दिवशी असा हलका वारा जाणवू शकतो. ज्यांची शाळा तिथं असेल त्यांनी पोरांना नोंदी घ्यायला लावाव्यात. आपण मात्र गावाच्या तळ्यावर उभं राहून समुद्राचा नियम सिद्ध करायला जाऊ नये. पुढच्या तासाला मी पोरांसमोर चूक कबूल केली. त्यानंतर ती जास्त प्रश्न विचारू लागली, हा माझा अनुभव.

आता समुद्राकडे चला

एवढं झालं की समुद्र शिकवायला एक तास पुरतो आणि तो तास रंगतोही. शिडाच्या होड्यांच्या काळात कोकणातले मच्छीमार पहाटेच्या मतलई वाऱ्यावर समुद्रात जात आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत येत. जाताना पाठीवर, येताना पाठीवर! तांड्याचा चढ-उतार चालणाऱ्या आमच्या मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही.

मुंबईचं उदाहरणही घ्यावं. मार्चमध्ये बातमी येते, मुंबईचा पारा एकदम चढला. पुष्कळदा कारण असं असतं की जमिनीकडून येणारे पूर्वेचे वारे जोरात असतात आणि समुद्राचा वारा नेहमीच्या वेळेला न येता उशिरा पोहोचतो. तो आला की पारा उतरतो. आपल्याकडं पारा उतरवायला असा वारा येतच नाही. म्हणून मे महिन्यात मुंबई तिशीच्या पहिल्या निम्म्यात असते तेव्हा आपण चाळिशी ओलांडून बसलेलो असतो. समुद्राजवळचं सम हवामान आणि आपलं विषम हवामान हा फरक पोरांना असा शिकवला तर तो अंगाला समजतो.

मोसमी वाऱ्यांबद्दल मात्र थोडं जपून. ‘मान्सून म्हणजे मोठा खारा वारा’ असं आपण सहज सांगतो. ही कल्पना जुनी आहे. धूमकेतूमुळे आपल्याला माहीत असलेल्या एडमंड हॅली यांनी ती १६८६ मध्ये मांडली होती. तिच्यात तथ्य आहे, पण ती पुरेशी नाही. मूळच्या पुण्याच्या आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. दुष्काळाच्या वर्षी जमीन चांगल्या पावसाच्या वर्षापेक्षा जास्त तापलेली असते. नुसत्या जमिनीच्या तापण्यावर मान्सून चालत असता तर दुष्काळात जास्त पाऊस पडायला हवा होता! दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला हा मुद्दा लगेच पटेल. सातवीच्या पोरांना विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टा सूर्याबरोबर उत्तरेला सरकतो, एवढं सांगितलं तरी चालेल. पण अर्धी गोष्ट पूर्ण म्हणून सांगू नये.

दोन डबे, दोन तापमापी

प्रयोग अगदी सोपा आहे, पण त्यात फसायच्या जागा आहेत. एकाच मापाचे दोन डबे घ्या. एकात कोरडी माती, एकात पाणी. दोन्ही रात्रभर सावलीत ठेवा म्हणजे सुरुवातीचं तापमान जवळपास सारखं राहील. सकाळी उन्हात ठेवून दर पाच मिनिटांनी अर्धा तास नोंद घ्या, मग सावलीत आणून पुन्हा अर्धा तास. तापमापी प्रयोगशाळेतली घ्या, तापाची चालत नाही. तापमापीचा फुगा मातीत जेमतेम झाकेल इतकाच पुरा. आम्ही पहिल्यांदा तो खोल खुपसला आणि माती तापलेलीच दिसेना! त्यातून उलट एक गोष्ट कळली, ऊन मातीत खोल जात नाही. तिसऱ्या डब्यात ओली माती ठेवली तर आणखी मजा येते. ती कोरड्या मातीपेक्षा मागे राहते, आणि ओलिताचं वावर गार का वाटतं ते पोरं आपोआप सांगतात.

वारं बघायला एक अगरबत्ती पुरते. पत्र्याची खोली दुपारी तापली की दार थोडं उघडायचं. उंबऱ्याजवळ अगरबत्ती धरली तर धूर आत जातो, चौकटीच्या वरच्या बाजूला धरली तर बाहेर येतो. फळ्यावरचे दोन्ही बाण समोर दिसतात.

आणि एक वही ठेवा. सकाळी, दुपारी, दिवस मावळताना आणि झोपताना वारं कुठून कुठं जातंय ते महिनाभर लिहायचं. शनिवारी सगळ्यांनी वह्या एकत्र करून गावाच्या नकाशावर बाण काढायचे. तांड्यावरच्या पोरांचे बाण आणि गावातल्या पोरांचे बाण वेगळे निघाले की खरा तास सुरू होतो. आमच्या काही पोरांच्या घरी तेलुगू बोलतात, वाऱ्याला ‘गाली’ म्हणतात. वहीत तो शब्द आला तरी मी खोडत नाही.

मार्कांचं काय?

पालक विचारतात, “सर, पेपरात तर समुद्राचंच विचारतात. शिष्यवृत्तीला, नवोदयला वावटळ येणार आहे का?” प्रश्न रास्त आहे. गरिबाच्या पोराला मार्कांचाच आधार असतो, हे मी नाकारत नाही. पण उत्तरपत्रिका तपासताना मी एक पाहिलं आहे. पाठ करणाऱ्या पोरांची दिशा हमखास उलटी पडते, कारण दोन्ही वाक्यं सारखीच दिसतात. ‘जास्त तापलेलं कोण?’ असं स्वतःला विचारणारं पोर चुकलं तरी सावरतं. समजून घेतलेलं पोर समुद्राचं उत्तर लिहितंच, वर डोंगराचंही लिहितं. मार्क कमी होत नाहीत.

आपल्या हातात आणखी एक गोष्ट आहे. घटक चाचणीचा पेपर आपणच काढतो. त्यात ‘व्याख्या लिहा’ ऐवजी डोंगर, गाव आणि तळं असलेला छोटा नकाशा द्या आणि दुपारचा बाण काढायला सांगा. कारण लिहायला एक ओळ ठेवा. मार्क तेवढेच, पण तपासताना आपल्याला पोराचं डोकं दिसतं.

आणि उत्तर आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळं आलं तर फुली मारायच्या आधी पोराला एकदा विचारा, ‘हे तू कुठं पाहिलंस?’ मी विचारलं नाही. ती मुलगी रोज त्या चढावरून शाळेत येत होती आणि रोज संध्याकाळी त्याच चढावरून घरी जात होती. वाऱ्यांच्या पाठावर तिच्याइतका अभ्यास माझ्या वर्गात कुणाचाच नव्हता, माझाही नव्हता. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी तिचा जुना पेपर काढला, फुली खोडून मार्क दिले आणि वर्गासमोर तिला तो वारा समजावून सांगायला लावला. त्या मार्कांनी तिचा निकाल बदलला नाही. पण तेव्हापासून आमच्या वर्गात हा पाठ तांड्याच्या चढापासून सुरू होतो.